रक्त कोण थांबवतं?

पिपरटोल्याच्या मोहाच्या झाडाखाली त्या गुरुवारी जेवढी माणसं लोटली होती, तेवढी मंडईच्या जत्रेलाही लोटत नाहीत. आरमोरीकडून जीपा भरभरून येत होत्या. शेतांच्या धुऱ्यांवर मोटरसायकलींच्या रांगा लागल्या होत्या. धान कापणीचे दिवस, मजूर मिळायची मारामार, तरी बाया विळे कमरेला खोचून तशाच धानाच्या बांधीतून उठून आल्या होत्या. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळलेल्या. तिकडे चौरंगावर धागेमहाराज बसले होते.

भगवी लुंगी, वरून चकचकीत जॅकेट, मनगटापासून कोपरापर्यंत गुंडाळलेले लाल धागे. महाराज कुठले, त्यांचं मूळ नाव काय, हे कोणालाच माहीत नव्हतं. विचारायची कोणाची छातीही नव्हती. ते मंत्रानं रक्त थांबवतात एवढं मात्र साऱ्या तालुक्याला ठाऊक झालं होतं.

"अरे भाई, नदी अडते, नाला अडते, मंग रगत काऊन नाई अडणार?" महाराज गरजले. "डॉक्टर का करते? टाका मारते, सुई टोचते, अन् वरून पैसा घेते. आपण का करतो? फक्त गाठ मारतो! मिथुन, चल, हात दे."

मिथुन त्यांचा चेला, चांगला तिशीतला गडी. त्यानं बाही वर सारली. महाराजांनी नवं कोरं ब्लेड सगळ्यांना दाखवलं, कपाळाला लावलं आणि मिथुनच्या दंडावर एक चिरा ओढला. लाल थेंब फुटले, एकमेकांत मिसळले, कोपराकडे धावले. बायांनी तोंडाला पदर लावला.

"देखो, गंगा निकली! आता हिले घरी पाठवा लागते. डोळे मिटा सारे. हात जोडा."

मंत्र लांबलचक होता, आणि महाराज तो सावकाश म्हणत. 'रक्ता रक्ता, वाट सोड, सात विहिरी, सात मोड' असं काहीतरी. मध्येच ते थांबत, एखाद्या म्हातारीला गावाचं नाव विचारत, नारळ फोडायला लावत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. शेवटी कमंडलूतली पांढरी राख चिमटीनं जखमेवर दाबत, वरून लाल धागा बांधत आणि ओरडत, "उघडा डोळे!"

लोकांनी डोळे उघडले. मिथुनचा दंड पुसलेला, कोरडा. जयजयकारानं मोहावरचे कावळे उडाले.

त्या जयजयकारात मुखरूचा आवाज सर्वांत मोठा होता. मुखरू बुरड. बांबूच्या टोपल्या, सुपं, धान साठवायच्या ढोल्या विणण्यात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. श्रावणात बांबू चिरताना कोयता अंगठ्यात घुसला, आणि नेमके त्याच दिवशी महाराज पहिल्यांदा गावात उतरले होते. त्यांनी मंत्र म्हटला, रक्त थांबलं. तेव्हापासून मुखरू बाजारात सूप विकताना गिऱ्हाइकाला आधी महाराजांची गोष्ट सांगे, मग सुपाची.

आज तो लेकीला घेऊन आला होता. मयुरी त्याची एकुलती एक पोर, ब्रह्मपुरीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. दिवाळीला घरी आली ती वाळलेल्या वेलीसारखी. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. पायांवर मोहरीच्या दाण्याएवढे लाल ठिपके उठले होते, आणि कुठे जरासा धक्का लागला तरी निळाजांभळा डाग पडायचा. कॉलेजच्या शिबिरात सिकलसेलची तपासणी झाली होती, त्यात काही निघालं नव्हतं. "मंग दुसरं का असंल?" म्हणून आई चंदा रडवेली झाली होती. मयुरी दवाखान्यात जाऊ म्हणत होती. पण वाद घालायचंही तिच्यात त्राण नव्हतं, म्हणून ती आईच्या खांद्याला टेकून इथवर आली होती.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "त्या मिथुनचा हात पाहा. जुन्या चिऱ्यांनी भरला हाये. दर गुरुवारी थोच कापून घेते."

"चूप राय. महाराजाले आयकू जाईल."

महाराजांनी मयुरीला पुढं बोलावलं. हिरड्या पाहिल्या, मान हलवली. "रगत चढलं हाये पोरीले. थोडंसं मोकळं करून बांधा लागते." आणि ती नको म्हणेपर्यंत त्यांनी तिच्या हातावर ब्लेड टेकवलं. चिरा मिथुनच्या चिऱ्याच्या निम्मासुद्धा नव्हता.

मंत्र झाला. नारळ फुटला. राख दाबली, धागा बांधला. "उघडा डोळे!"

लोकांनी डोळे उघडले, तर लाल धागा भिजून काळा झाला होता आणि त्याखालून रक्त पाझरत होतं. महाराजांनी पुन्हा राख दाबली. पुन्हा मंत्र. या वेळी जरा भरभर. धाग्यावर धागा चढला. रक्त आपलं बोटांवरून ठिबकतच होतं, घाई नाही, थांबणं नाही. महाराजांच्या कपाळावर घाम दिसू लागला, मिथुननं मोटरसायकलकडे एकदा पाहून घेतलं.

पण महाराज मुरलेला माणूस होता. त्यांनी मयुरीची बाही खांद्यापर्यंत वर सारली. दंडावर जांभळे डाग होते, एकाशेजारी एक, पाच. कोणी मुठीत धरून दाबावं तसे.

"हे का हाये?" महाराजांचा आवाज चढला. "माह्या मंत्राले न आयकणारं रगत कोणाचं असते? हडळीनं धरलं त्याचं! ही पाहा पाच बोटं. दिवसा धरते, राती पिते. सांगा, कोणी हात लावला होता पोरीले?"

पोरीचं रक्त पाहून चंदाचं भान गेलं होतं. तिच्या तोंडून निघून गेलं, "बोरिंगवर चक्कर आली होती पोरीले... बायनाबाईनं धरलं होतं."

बायनाबाई त्यांची शेजारीण. विधवा, एकटी राहणारी. मयुरी रांगत असल्यापासून तिच्याच ओसरीवर वाढलेली. ती त्या गर्दीतच मागं उभी होती. तिच्याभोवतीची माणसं एकदम बाजूला सरली, आणि ती एकटी पडली.

"मावशीनं मले पडू देलं नाई!" मयुरी ओरडली, पण तिचा आवाज पहिल्या रांगेपलीकडे गेला नाही.

महाराजांनी हुकूम सोडला. हडळीनं घातलेला बंध आपोआप सुटेपर्यंत पोरीला दवाखाना दाखवायचा नाही. सुई लागली की बंध तुटला, आणि बंध तुटला की पोरगी गेली.

मुखरूनं हुकूम पाळला. हेच पुढं त्याला आयुष्यभर खात राहिलं. चिऱ्यावर घट्ट फडकं बांधलं, ते संध्याकाळपर्यंत ओलं होत राहिलं. मयुरीला ताप भरला. पाळी आली ती थांबेना. सकाळी उशीवर रक्ताचे डाग दिसत. रोज ती म्हणे, "बाबा, मले दवाखान्यात न्या." रोज तो म्हणे, "हा बंध सुटू दे माय, मंग नेतो." बाहेर बायनाबाईला बोरिंगवर कोणी पाणी भरू देईना. तिच्या घराच्या छपराची कवेलं एक एक करून फुटत होती. मुखरूला ते ऐकू येई. तो बांबू सोलत राही.

शेवटी चंदाच उठली. मयुरीच्या नाकातून रक्ताची धार लागली होती, आणि ती भिंतीला धरून उभं राहायचा प्रयत्न करत होती. "तुमी नाई येत तं मी एकटी जातो," ती बापाला म्हणाली. चंदानं लेकीला कवेत घेतलं, रस्त्यावर जाऊन पहिली दिसली ती जीप अडवली. मुखरू मागून पळत आला आणि जीपच्या फाळक्याला लटकला.

आरमोरीच्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि बसलेले ते उभे राहिले. त्यांनी स्वतः ॲम्ब्युलन्स बोलावली. त्याच दिवशी मयुरी नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पोचली.

तिथल्या डॉक्टर होत्या रिना रामटेके. मूळच्या ब्रह्मपुरीकडच्याच. चंदाची बोली ऐकली आणि त्याही तशाच बोलू लागल्या. "बाई, हा रक्ताचा कॅन्सर हाये. नवीन रक्त तयार होते तिथीच बिघाड झाला. रक्त थांबवणाऱ्या पेशी तयारच होऊन नाई राह्यल्या."

मुखरूनं विचारलं, "इलाज हाये का, डॉक्टरबाई?"

"हाये. गोळ्या आत्ताच चालू केल्या. या प्रकारात वेळेवर औषध भेटलं तं बहुतेक लोकं बरे होतात. पण पहिले दिवस लय धोक्याचे. तुमी लवकर आले असते..." त्या थांबल्या. मुखरूच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वाक्य पुरं केलं नाही. त्यांना ते करायची गरजही नव्हती.

पिवळसर पाण्यासारखं काही भरलेल्या पिशव्या मयुरीला चढू लागल्या. त्यात दुसऱ्यांच्या रक्तातल्या पेशी होत्या, ज्यांनी रक्त थांबतं. नाकातली धार कमी झाली, पण हिरड्या वाहतच होत्या. आणि मग ज्या हाताला सुई होती तो हात सुजला, तापला. शिरेत गुठळी झाली, असं डॉक्टर म्हणाल्या.

मुखरूच्या डोक्यात ते बसेना. "तोंडातून वाहून राह्यलं अन् हातात गोठून राह्यलं? एकाच पोरीचं?"

डॉक्टर रिना खाटेच्या काठावर टेकल्या. "भाऊ, धानाच्या बांधीत पाणी अडवाले माती लागते ना? या बिमारीत नको तिथी माती पडते. नसांच्या आतल्या आत बारीक बारीक बांध घातले जातात. सारी माती तिथीच सरते. मंग खरा धुरा फुटला तं टाकाले माती कुठून आणता? म्हणून एका जागी गोठते अन् दुसऱ्या जागी थांबत नाई. यात ना कोणाची करणी, ना कोणाची हडळ."

हडळीचं नाव त्यांना मयुरीनंच सांगितलं होतं.

तेवढ्यात सिस्टरनं मयुरीच्या दुसऱ्या हाताला ब्लड प्रेशरचा पट्टा गुंडाळला, हवा भरली, सोडली. पट्टा निघाला तेव्हा दंडाभोवती लालजांभळ्या ठिपक्यांचं कडं उमटलं होतं. मुखरू त्या कड्याकडे पाहतच राहिला. त्याला पाच बोटं आठवली.

"बाबा," मयुरी म्हणाली, "या पट्ट्यालेही हडळ लागली का?"

"आई, याचा फोटो काढून ठेव," मयुरी म्हणाली. "गावात दाखवाले लागंल." चंदानं मोबाइलवर फोटो काढला.

मयुरीसाठी रक्त लागणार होतं, म्हणून मुखरू द्यायला तयार झाला. आधी त्याचं रक्त तपासायला बोटाला टोचलं. एक थेंब काचेवर घेतला, बोटावर कापूस ठेवला. तो कापूस तसाच धरून तो लेकीजवळ येऊन बसला. मयुरीनं त्याचा हात ओढला, कापूस उचलला. टोचलेली जागा कोरडी होती.

"कोणी थांबवलं?"

"का?"

"तुमचं रक्त. इथी कोणता महाराज बसला हाये?"

"एवढंसं तं टोचलं होतं, माय."

"श्रावणात अंगठा कापला, तेव्हा महाराज होता. त्याच्या आधी किती खेपा कापला असंल? बांबूची फास हातात घुसली नाई असा तुमचा एक दिवस जाते का? तेव्हा कोण मंत्र म्हणत होतं?"

मुखरूनं आपले दोन्ही तळवे समोर धरले. बांबूनं कापलेल्या रेघाच रेघा होत्या, जुन्या, नव्या, एकीवर दुसरी. प्रत्येक रेघेतून कधी ना कधी रक्त आलं होतं. प्रत्येक वेळी त्यानं ते तोंडात घेऊन चोखलं होतं, नाहीतर धोतराला पुसलं होतं आणि पुन्हा विणायला बसला होता.

"कोणीच नाई," तो म्हणाला.

"साऱ्यांचंच थांबते, बाबा. महाराज फक्त तेवढा वेळ बोलत राह्यते." मयुरी हसली. दातांवर रक्त होतं, तरी ती कितीतरी दिवसांनी हसली. "माहं थांबलं नाई, कारण मले बिमारी हाये. म्हणून पकडल्या गेला थो. आपली चोरी झाकाले मंग मावशीचं नाव घेतलं." ती दमली. श्वास घेऊन म्हणाली, "मावशीचं का चाललं असंल तिकडं? तुमी जा बाबा, सांगा लोकाईले."

"तुले सोडून कसा जाऊ?"

"मंग मी बरी होतो अन् मीच सांगतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं डोकं ठणकू लागलं. खिडकी बंद करा, उजेड सोसत नाही, म्हणाली. उलटी झाली. मग बोलताना जीभ अडखळू लागली. "बाबा" म्हणायला गेली आणि ते अर्धंच निघालं. डॉक्टर धावल्या, खाटेभोवती माणसं जमली, तिला खालच्या मजल्यावर डोक्याचा फोटो काढायला नेलं. डोक्यात रक्तस्राव झाला होता. पिशव्या चढत राहिल्या, यंत्र श्वास देत राहिलं. मयुरी पुन्हा जागी झाली नाही. औषध तर सुरू झालं होतं. त्याला काम करायला जेवढे दिवस हवे होते, तेवढे पिपरटोल्यात संपून गेले होते.

डॉक्टर रिनांनी चंदाचा हात हातात धरला. म्हणाल्या, "मले माफ करा." आणि स्वतःच्याच डोळ्यांना रुमाल लावला.

मयुरीला पिपरटोल्याला आणलं, नदीकाठी अग्नी दिला. राख थंड व्हायच्या आत गावात बोललं जाऊ लागलं. महाराजांनी सांगितलं होतं ना, सुई लागली की पोरगी जाईल. गेली की नाही? जिच्या मरणानं महाराजाचं पितळ उघडं पडायला हवं होतं, तिच्याच मरणानं त्याचा भाव वाढला. पुढच्या गुरुवारी मोहाखाली पाय ठेवायला जागा उरली नाही.

मुखरू घरात बसून होता. डोकं भादरलेलं, समोर अर्धी विणलेली ढोली. शेजारी आरडाओरडा झाला, म्हणून तो दारात आला. गावातले तीन-चार जण बायनाबाईला दंडाला धरून ओढत मोहाकडे नेत होते. आज तिचे केस कापायचे, हडळ काढायची आणि तिला गावाबाहेर घालवायचं, असं ठरलं होतं. म्हातारी ओरडत नव्हती. तिनं वळून फक्त मुखरूच्या दाराकडे पाहिलं.

मुखरूनं भिंतीजवळचा कोयता उचलला. चंदा किंचाळली. "नाई वो, कोणाले मारत नाई," तो म्हणाला. "तू ये. मोबाइल घेऊन ये."

कोयता घेतलेला बाप पाहून गर्दीनं आपोआप वाट दिली. महाराज चौरंगावर जरा मागं सरकले.

"महाराज," मुखरू म्हणाला, "आज मंत्र म्हणू नका. त्वांड बंद ठेवा. राख नको, धागा नको. कोणी डोळे मिटू नका."

आणि त्यानं आपल्याच हातावर कोयत्याची धार ओढली. रक्त आलं. बाया ओरडल्या. मुखरू हात पुढं धरून उभा राहिला, मुकाट्यानं. कुठंतरी पोर रडलं, कोणीतरी खोकलं. रक्त कोपरापर्यंत आलं, मग संथ झालं, मग दाट झालं. लोक माना उंचावून पाहत होते. पाहता पाहता चिऱ्यावर काळपट साय धरली आणि नवा थेंब फुटला नाही.

"कोणी थांबवलं?" मुखरूनं विचारलं.

महाराज खाकरले. "अरे बेटा, मंत्राचीच गरज कुठी हाये? माही नजर पुरते! नजरेनं बांधलं मी!"

"वाऽ!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि गर्दीतून सुटकेचा एक सुस्कारा निघाला. लोकांना महाराज हवा होता.

"बरं," मुखरू म्हणाला. "नजरेनं थांबते, तं नजरेनंच चालू ठेवून दाखवा. हा पाहा, दुसरा कापतो. हा थांबू देऊ नका."

त्यानं पहिल्या चिऱ्याखाली दुसरा ओढला. महाराज डोळे फाडून बसले. त्या चिऱ्याचंही रक्त थांबलं.

मुखरू लोकांकडे वळला. "धान कापून राह्यले ना सारे? ज्याले ज्याले यंदा विळा लागला, थे हात वर करा."

आधी कोणी हललं नाही. मग म्हातारा पोचू उठला आणि त्यानं चिंधी बांधलेलं बोट वर केलं. एका बाईनं केलं. मग इतके हात वर आले की मोहाखाली जणू दुसरं झाड उगवलं.

"आता ज्याचं ज्याचं रक्त महाराजानं बांधीत येऊन थांबवलं, त्यानंच हात वर ठेवा. बाकीच्याईनं खाली करा."

हात खाली आले. सारे. पोचूनं आपलं बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, जणू ते त्याला आजच दिसत होतं.

मुखरूनं कमंडलूत हात घातला, चिमूटभर राख गावच्या न्हाव्याला, इसरूला, दिली. इसरूनं ती जिभेला लावली आणि तोंड वाकडं केलं. "हे तं तुरटी होय! दाढी झाल्यावर मी तुमाले लावतो थेच. राखेत कुटून घातली हाये."

काही जण हसले. मिथुननं मोटरसायकलला किक मारली.

"पण तुही पोरगी!" महाराज उठून उभे राहिले, बोट रोखून ओरडले. "तिचं नाई थांबलं! तिले हडळीनं धरलं होतं, पाच बोटं साऱ्याईनं पाह्यली!"

मुखरूनं चंदाकडे हात केला. तिनं मोबाइल पुढं केला. तो हातोहात फिरू लागला. दंड मयुरीचा, त्यावर जांभळ्या ठिपक्यांचं कडं.

"हे यंत्राच्या पट्ट्यानं उमटलं," मुखरू म्हणाला. "त्या बिमारीत चामडीखालच्या नसा जराशा दाबानंही फुटतात. पट्टा गुंडाळला तं पट्ट्याची खूण. पडता पडता कोणी सावरलं तं सावरणाऱ्याच्या बोटाची खूण. माह्या पोरीले आठवडाभर मी धरत होतो, उठवत होतो, बसवत होतो. माह्याही बोटाच्या खुणा होत्या तिच्या अंगावर. मले न्या ओढत. माहे केस कापा." त्यानं भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला. "हायेत का केस?"

बायनाबाईचा दंड धरलेले हात एक एक करून सुटले.

महाराज मिथुनच्या मागं बसून निघून गेले. कोणी अडवलं नाही. उलट दोघाचौघांनी जाता जाता त्यांच्या पाया पडून घेतलं, न जाणो, म्हणून.

चंदा बायनाबाईपुढं बसली, तिच्या पायांना मिठी मारली. "माह्या तोंडातून गेलं वो बाई. पोरीचं रगत पाहून माहं भान नव्हतं."

बायनाबाईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. "मयुरीसाठी म्या नवस केला होता," ती म्हणाली. "कवेलं फुटत होते तरी केला." मग ती उठली. "पण मी इथी राहात नाई आता, चंदा. ज्या लोकाईनं ओढलं, त्याईच्याच बोरिंगवर पाणी भराले मले जमत नाई." त्याच आठवड्यात ती एटापल्लीकडे भावाच्या गावी गेली. तिच्या घरात आता शेजारच्यांच्या शेळ्या बसतात.

मुखरूनं पोलिसांत तक्रार दिली. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, कलम लागलं. पण महाराज सापडले नाहीत. पिपरटोल्यातल्या बऱ्याच जणांच्या मनगटावरचे धागेही तसेच राहिले. 'असला तं असला, नसला तं का बिघडते,' असं लोक म्हणतात. काय बिघडतं ते मुखरूच्या घरात दिसतं. पण तिकडे कोणी फारसं फिरकत नाही. पोरीच्या दुःखानं त्याचं डोकं फिरलं, असंही काही म्हणतात.

उन्हाळ्यात बातमी आली, की वैनगंगेपलीकडच्या एका गावात नवे महाराज उतरले आहेत. ते धागा बांधत नाहीत, पाणी मारून रक्त थांबवतात. सोबतच्या चेल्याच्या दंडावर चिऱ्यांच्या खुणा आहेत. मुखरू सुपांचा भारा घेऊन तिथं गेला. मंडपात बोलायला उभा राहिला, तर लोकांनी धक्के मारून बाहेर काढलं. सुपं धुळीत गेली.

तेव्हापासून तो मंडपात शिरत नाही. त्या गावाच्या फाट्यावर उभा राहतो. जीप आली की हात करतो, आणि आतल्या माणसांना सांगतो, दर वेळी तेच, जवळजवळ त्याच शब्दांत:

"भाऊ, बाई, आयकून घ्या. कापलं अन् रक्त थांबलं तं कोणाचे पाय धरू नका, थे ज्याच्या त्याच्या अंगातच थांबते. नाई थांबलं, हिरड्यातून आलं, अंगावर निळे डाग पडले, तं मंत्राची वाट पाहू नका, कोण्या बाईचं नाव घेऊ नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. माही पोरगी हडळीनं नेली नाई. बिमारीनं नेली. अन् त्या बिमारीले पायजे तेवढा वेळ म्या देल्ला. तुमी देऊ नका."

काही ड्रायव्हर ऐकून घेईपर्यंत थांबतात. बरेचसे थांबत नाहीत.